मार्टिनी-हेन्री: खटका पडतो, पण काडतूस उडत नाही

गंजकाका
मंडळी, मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम पेनसिल्व्हेनिया. काठमांडूच्या जुन्या कोठारातला नेपाळी लष्कराचा माल २००३ नंतर अमेरिकेत विकायला आला, त्यातली एक रायफल गेल्या वर्षी घेतली. विकणाऱ्यानं मार्टिनी-हेन्री, म्हणजे इंग्रजांची एकोणिसाव्या शतकातली एकबारी रायफल, म्हणून गळ्यात मारली. काडतूस .५७७/४५० मापाचं, लिव्हर खाली ओढला की नळीचं मागचं तोंड बंद करणारा ब्लॉक पडतो. क्लबातल्या मित्रानं पाच काडतुसं भरून दिली. दोन उडाली, तीन नुसती 'टप'. प्रायमरवर, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर, नखानं टोचल्यासारखी खूण. वर लिव्हर चिकट, बंद करताना गुळाच्या ढेपेत रुतल्यासारखा वाटतो. प्रायमरवर आदळणारी फायरिंग पिन बदलू का?

ता. क. : बटवर, म्हणजे लाकडी दस्त्यावर, चक्क देवनागरी आकडे आहेत! दुकानदाराला वाचून दाखवले तर तोच गार.

तोफखाना
पिन लगेच बदलू नका. मार्टिनीची पिन आणि गुंडाळी स्प्रिंग ब्लॉकच्या पोटात असते, आणि नेपाळी मालात तिथं शंभर वर्षांचं ग्रीस सुकून लाखेसारखं झालेलं असतं. पिन त्यातून पोहत जाते, प्रायमरवर दणका बसणार कुठून? ब्लॉक काढून रॉकेलमध्ये रात्रभर बुडवा. मागची नट सोडताना तोंड बाजूला ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, स्प्रिंग उडते. मग पिनचं टोक भिंगाखाली बघा. आणि काडतुसाच्या केसची रिम, म्हणजे बुडाची कड, पातळ असेल तर काडतूसच पुढं सरकतं, खूण फिकी येते. हेही तपासा.

जुनं लोखंड
थांबा. देवनागरी आकडे इंग्रजांनी दिलेल्या रायफलींवरही नेपाळ्यांनी ठोकलेत, त्यावरून काही ठरत नाही. पण बॉडीवर मुकुट, 'व्ही. आर.' (व्हिक्टोरिया राणीची खूण) आणि साल आहे का? नसेल तर ती गहेंद्र असू शकते. पंतप्रधान वीर शमशेर राणांचा मुलगा गहेंद्र शमशेर, त्यानं नेपाळात बनवून घेतलेली. बाहेरून मार्टिनीची जुळी बहीण, आत वेगळीच: गुंडाळी स्प्रिंग नाही, चपट्या पट्टीच्या स्प्रिंगा. प्रत्येक भाग हातानं घासलेला, एकीचा दुसरीला बसत नाही. पोलादाला पाणी कुठं चढलंय, म्हणजे ते कुठं कडक झालंय, कुठं नाही, सांगता येत नाही. गहेंद्र निघाली तर बार काढू नका. दोन काढलेत, देवाचे आभार माना.

तोफखाना
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुनं लोखंड म्हणतात तेच आधी करा. माझं रॉकेल चालेल, ते दोघींनाही चालतं.

गंजकाका
काल उघडली. मुकुट नाही, 'व्ही. आर.' नाही. आत चपटी पट्टी, आणि तिच्याभोवती काळा, मेणासारखा लगदा. चमच्यानं खरवडला, मुलीच्या जुन्या टूथब्रशनं घासला. लिव्हर आता लोण्यातून जावा तसा जातो. पिनचं टोक एका बाजूनं चेपलंय, म्हणजे धातू मऊच. तुमचं बरोबर होतं. दोन बार काढले तेव्हा गाल बटला टेकवून बसलो होतो, हे आठवून काल जेवण गेलं नाही. न उडालेली तिन्ही काडतुसं मित्राला परत केलीत.

एक विचारायचं राहिलं: बटवरचा तिसरा आकडा पाच की आठ? नेपाळी जुना पाच आपल्यासारखा काढत नाहीत, आणि गंजानं नेमकं त्याचंच पोट खाल्लंय. फोटो टाकतो.