मदत हवी आहे: मामांचा जगभरच्या टपाल तिकिटांचा संग्रह, किंमत कशी काढायची? (कोल्हापूर)

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. मामांच्या मागे राहिलेला तिकीटसंग्रह तिघा भाचरांत वाटायचा आहे. विकायचंच असं ठरलेलं नाही, पण वाटणीला आकडा लागतो. ऐवज असा:

१. छापील देशवार अल्बम ७. तिकिटं हिंजने (डिंकाच्या छोट्या कागदी तुकड्याने) लावलेली, साधारण १८७० ते १९६०. दहा पानं मोजून सरासरी काढली तर नऊ हजारांच्या आसपास भरतात.
२. स्टॉकबुकं ४. १९६० नंतरची हंगेरी, पोलंड, रशिया, अजमान, फुजैरा, थोडं चीन, भारताची मिनिएचर शीट्स.
३. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कागदासकट कापलेली सुटी तिकिटं, दोनेक किलो.
४. जुनी पाकिटं-पोस्टकार्डं दीडेकशे. त्यांच्यातच कोल्हापूर संस्थानचे कोर्ट फीचे काही कागद.

एका ऍपने फोटोवरून एका पेनी रेडची (ब्रिटनचं जुनं लाल, एक पेनीचं तिकीट) किंमत लाखात सांगितली. एका विक्रेत्याने अल्बम न उघडताच सगळं वजनावर मागितलं. खरा आकडा कुठे असतो? कॅटलॉग कुठला धरायचा, आणि सगळ्या तिकिटांची कॅटलॉग किंमत लावून बेरीज केली तर चालेल का?

दंतुर_कडा

बेरीज करू नका. कॅटलॉगमधली किंमत म्हणजे चांगल्या अवस्थेतलं एक सुटं तिकीट दुकानदाराकडून घ्यायला गेलात तर पडणारा भाव. विकायला गेल्यावर तो मिळत नाही. शिवाय कॅटलॉगला खालची मर्यादा असते. स्कॉट या अमेरिकी कॅटलॉगमध्ये ती कित्येक वर्षं २५ सेंट होती. ती तिकिटाची किंमत नसून ते शोधून, पाकिटात घालून देण्याची मजुरी आहे. तुमच्या नऊ हजारांतली आठ हजार तिकिटं या मर्यादेवरची निघाली तर कागदावर २,००० डॉलर दिसतील, आणि बाजारात तोच गठ्ठा त्याच्या दहाव्या हिश्शालाही उठणार नाही.

जगभरच्या संग्रहात किंमत मूठभर पानांत असते. म्हणून आधी चाळण लावा. कॅटलॉग बाजूला ठेवून सगळे अल्बम एकदा चाळा आणि खालच्यातलं काही दिसलं की त्या पानाला कागदाची पट्टी लावा. तिकीट उचकटायचं नाही.

– कुठल्याही देशाचं १९०० च्या आधीचं, कडा शाबूत असलेलं तिकीट.
– मालिकेतली वरची मूल्यं. पाच शिलिंग, एक पौंड, आणि आपल्याकडची सातवे एडवर्ड व पाचवे जॉर्ज यांची १०, १५, २५ रुपये. खालची मूल्यं पोत्याने मिळतात, वरची नाहीत.
– ब्रिटिश वसाहतींचे पाचव्या-सहाव्या जॉर्जचे पूर्ण संच.
– चीन. सगळं, सरसकट, १९८० च्या दशकापर्यंत.
– विमानटपालाच्या मोठ्या रकमा. उदाहरणार्थ अमेरिकेची १९३० ची झेपेलिन मालिका: ६५ सेंट, १.३० आणि २.६० डॉलर.
– हिंज न लागलेले कोरे पूर्ण संच, आणि ज्यांवर काहीतरी जास्तीचं छापलंय असं काहीही.

अजमान, फुजैरा, उम्म अल कैवेन वगैरे आखाती अमिरातींची १९६४ ते १९७२ मधली रंगीबेरंगी तिकिटं पट्टीशिवाय पुढे ढकला. ती पोस्टासाठी कमी आणि परदेशी संग्राहकांना विकण्यासाठी जास्त छापली गेली. हंगेरी-पोलंडचंही बरंचसं तसंच: कोपऱ्यात नीटनेटका पाव वर्तुळाचा शिक्का आणि मागे डिंक जसाच्या तसा, म्हणजे ते पत्रावर कधी चिकटलंच नाही, छापखान्यातच शिक्का मारून विकलं.

देश ओळखताना अडेल ते एवढंच: हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, माग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड. देशाचं नावच नाही, फक्त राजा-राणीचं डोकं, तर ब्रिटन. नाव वाचता येत नाही पण सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल आहे, तर १९४७ च्या आधीचा जपान.

रंकाळा_कट्टा

विषय हार्ड. वाचतोय.

चिमटेवाला

दंतुर यांच्या पट्ट्या लावून झाल्या की पट्टीवाल्या पानांची अवस्था तपासा. खरी घसरण तिथे होते.

साहित्य: टोकं सपाट असलेला तिकिटांचा चिमटा (भुवयांचा नव्हे), दहापट भिंग, परफोरेशन गेज, काळी उथळ बशी. गेज २ सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात ते मोजतं. चित्र एकच पण दाते १२ ऐवजी १४ निघाले, तर कॅटलॉगात ते वेगळं तिकीट असतं आणि किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. वॉटरमार्कचंही (कागदातच असलेलं पुसट चिन्ह) तेच. तिकीट पालथं काळ्या बशीत ठेवून वॉटरमार्क फ्लुइडचे थेंब टाकले की चिन्ह गडद उमटतं. लायटरमधलं पेट्रोलही चालतं, पण खिडकी उघडी हवी आणि आसपास उदबत्तीसुद्धा नको. फोटोग्राव्हूर छपाईच्या काही तिकिटांचा रंग या द्रावणात उतरतो, ती बशीत घालू नका.

मग मागची बाजू. हिंज निघून पातळ झालेली जागा उजेडापुढे धरली की पांढुरकी दिसते. अशा तिकिटाची किंमत सहज निम्म्याखाली येते. एखादा दाता तुटका, घडी, गंजासारखे तांबूस डाग, सगळ्याची वजावट. आपल्या पावसाळ्यात हे डाग आणि चिकटलेला डिंक हमखास. जून ते सप्टेंबर अल्बम कपाटात उभे ठेवा, आडवे रचून वर वजन नको, आत सिलिका जेल. पीव्हीसीच्या मऊ प्लॅस्टिक पाकिटांत काही असेल तर आजच बाहेर काढा, तेलकटपणा तिकिटात उतरतो.

डिंक फार चकचकीत वाटला तर दात्यांची टोकं भिंगाखाली बघा. मूळ तिकिटाला डिंक आधी लागतो, छिद्रं नंतर पडतात, त्यामुळे टोकांचे तंतू मोकळे, मऊ असतात. नंतर डिंक चढवलेल्या तिकिटात तो टोकांवर उतरून तंतू कडक होतात. कोऱ्या तिकिटाचा भाव घेण्यासाठी केलेली ही कारागिरी सर्रास सापडते.

डब्यातली दोन किलो सरसकट भिजवू नका. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळे काढा, त्यांचा रंग पाण्यात उतरून शेजारच्याला लागतो. ब्रिटनची १८८३-८४ ची जांभळी-हिरवी मालिका पाण्यात गेली की संपली, शाईच तशी मुद्दाम वापरली होती. बाकीची कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं, मग पालथी टिपकागदावर. अमेरिकेची अलीकडची स्वतः चिकटणारी बहुतेक पाण्याने सुटतच नाहीत. ती कागदासकट कापूनच ठेवा.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

भरपूर मिळालं, आभार. पट्ट्या लावताना अडलेलं विचारते:

अ) ऍपवाली पेनी रेड. चारही कोपऱ्यांत अक्षरं, उभ्या पट्टीत ७७ सारखा आकडा, पण शिक्का नेमका त्यावर.
ब) जर्मनी १९२३, लाख-कोटी मार्कांची पानंच्या पानं.
क) गांधी १९४८ चे चारही. दहा रुपयांचं कोरं आहे, मागे डिंक आणि हिंजची खूण.
ड) चीन: माओंची काही, आणि १९८० चं लाल पार्श्वभूमीवरचं माकड, एकच.

दंतुर_कडा

अ) या तिकिटांवर प्लेटचा (छपाईच्या पत्र्याचा) आकडा दोन्ही बाजूंच्या जाळीदार नक्षीत कोरलेला असतो, ७१ ते २२५. डाव्या बाजूला शिक्का असला तर उजवीकडे बघा, तोच आकडा तिथेही आहे. ७७ ची म्हणून माहीत असलेली तिकिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि '७७ सापडलं' म्हणणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा १७७ असतं, ज्याचा एक शिक्क्याखाली गेलेला असतो किंवा कुणीतरी खरवडलेला असतो. ७ च्या आधीची जागा भिंगाखाली बघा: तीन आकड्यांचा क्रमांक जास्त जागा खातो. साध्या प्लेटची पेनी रेड चहा-भजीच्या पैशात येते. ऍपला एवढं बारीक दिसत नाही, ते नुसतं चित्र जुळवतं आणि सगळ्यात महाग भाऊबंद दाखवतं.

ब) इथे उलटा हिशोब. महागाईत छापलेली कोरी तिकिटं ढिगाने उरली, म्हणून कोरी स्वस्त. खरोखर त्या काळात पोस्टातून गेलेली त्यामानाने कमी, म्हणून वापरलेल्यांना जास्त भाव. साहजिकच नंतर खोटे शिक्के मारले गेले, आणि त्यामुळे तज्ज्ञाची खूण नसलेलं वापरलेलं तिकीट कुणी चढ्या भावाने घेत नाही. तारीख वाचता येणारे शिक्के बाजूला काढा. बाकी पानं गठ्ठ्यात.

ड) माओ आणि माकड दोन्हींना पट्टी लावा. माकडाची नक्कल अफाट आहे. अस्सलमध्ये केसांच्या रेघा कोरीव छपाईच्या, तिरप्या उजेडात किंचित उठून दिसतात. नकलेत त्या सपाट असतात. जुन्या चिनी तिकिटांना मागे डिंक नसेल तर दोष धरू नका, कितीतरी मालिका डिंकाशिवायच निघाल्या. पन्नासच्या दशकातल्या सुरुवातीच्या मालिकांचं सरकारी पुनर्मुद्रणही आहे, ते मूळच्यापेक्षा खूप स्वस्त. नक्षीतले बारीक फरक कॅटलॉगात चित्रासह दिलेले असतात.

चिमटेवाला

क) बद्दल. ताई, दहा रुपयांचं गांधी आजच वेगळ्या पारदर्शक पाकिटात ठेवा, चिमट्यानेच. १५ ऑगस्ट १९४८ ची ही मालिका स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्यात फोटोग्राव्हूरने झाली. भिंगाखाली चेहऱ्याच्या सावल्या बारीक, सलग रवाळ दिसायला हव्यात. मोठ्या ठिपक्यांच्या रांगा किंवा रंगीत ठिपक्यांची फुलं दिसली तर ऑफसेटची नक्कल. दाते गेजवर ११½. या दोन्हींत पास झालं तरी ते खरंच असेल असं नाही, एवढंच की तज्ज्ञांकडे अस्सलपणाच्या प्रमाणपत्राला पाठवण्यालायक आहे. हिंज लागलेलं असल्याने 'हिंज नसलेलं कोरं' या रकान्यातली किंमत तुम्हाला लागू नाही. त्याच्या शेजारचा रकाना वाचा. 'सर्व्हिस' छापलेलं गांधी कुणी दाखवलं तर हात जोडा आणि पुढे चला, त्यात नकली छापाचीच गर्दी.

मोडी_दप्तर

चार नंबरच्या गठ्ठ्याकडे कुणी बघितलं नाही, म्हणून लिहितो. पाकिटावरचं तिकीट कापू नका. कापलं की पाकीट मेलं. पाकिटाची किंमत तिकीट, शिक्का, मार्ग आणि दर या चौघांची मिळून असते. आठ आण्यांचं साधं तिकीट, पण युद्धकाळातली सेन्सॉरची पट्टी आणि परदेशाचा पत्ता असेल, तर ते अल्बममधल्या अख्ख्या पानाहून पुढे जाऊ शकतं. विमानटपालाची सुरुवातीची पाकिटं वेगळी काढा, विशेषतः १९३२ मधली कराची-मुंबई मार्गावरची.

कोल्हापूर संस्थानने स्वतःची टपाल तिकिटं काढली नाहीत, इथे ब्रिटिश हिंदुस्थानचंच पोस्ट होतं. (आपल्या बाजूला भोरने काढली होती, दिसली तर पट्टी.) म्हणून टपालात कोल्हापूर शोधायचं ते शिक्क्यांत: पन्हाळा, कागल, गडहिंग्लज अशा पोस्टांचे वाचता येणारे जुने शिक्के. शिक्के गोळा करणारे वेगळे लोक आहेत आणि ते जगभरच्या अल्बमकडे ढुंकून बघत नाहीत. कोर्ट फी ही टपाल तिकिटं नव्हेत, ती महसुली. स्टॅन्ली गिबन्सच्या टपालाच्या कॅटलॉगात ती सापडणार नाहीत, म्हणून बिनकिमतीची समजली जातात. मोडी मजकुरासकट पूर्ण कागद ठेवा, वरचा छापील भाग कापून काढायचा मोह टाळा. संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, त्याच्या अलीकडचे-पलीकडचे कागद वेगळे लावा.

दंतुर_कडा

आता आकडा. कॅटलॉग गिबन्स धरा, ब्रिटिश वसाहती आणि भारत त्यात सविस्तर आहेत. जर्मनीला मिशेल, फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींना इव्हेर. गिबन्सचं 'स्टॅम्प्स ऑफ द वर्ल्ड' ओळखायला उत्तम, पण त्यात दाते-वॉटरमार्कचे भेद नाहीत, किमतीला ते धरू नका.

पट्टीवालं प्रत्येक तिकीट कॅटलॉग क्रमांकाने ईबेवर शोधा आणि 'विकलेले' हा फिल्टर लावा. मागितलेली किंमत कुणीही लिहितं, तिकडे बघूच नका. तशाच अवस्थेतल्या तीन-चार विक्री सापडल्या की मधला आकडा घ्या. प्रमाणपत्राची फी तिकिटाच्या संभाव्य किमतीच्या पाव हिश्शाहून जास्त होत असेल तर पाठवू नका, हा माझा ठोकताळा. लंडनची रॉयल फिलाटेलिक सोसायटी आणि न्यूयॉर्कचं फिलाटेलिक फाउंडेशन यांचे कागद सगळीकडे चालतात. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर धाडण्याआधी १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो का, ते लिलावगृहाला विचारून घ्या. आपल्या पोस्टात फिलाटेलीच्या खिडकीवर नवी तिकिटं मिळतात, जुन्यांची किंमत काढून मिळत नाही.

उरलेल्या हजारो तिकिटांना एकेक किंमत नाही. अल्बममागे ठोक दर. त्यासाठी पुण्या-मुंबईच्या दोन वेगळ्या विक्रेत्यांकडून भाव घ्या, आणि प्रत्येकाकडे दोन आकडे मागा: पट्ट्यांसकट किती, आणि पट्टीवाली तिकिटं काढून घेतल्यावर किती. दोन आकड्यांत फरकच नसेल तर त्याने पट्ट्या बघितल्याच नाहीत.

मोडी_दप्तर

आणि वाटणीसाठी अल्बम तिघांत फोडू नका. देश तुटले की ठोक दरही तुटतो. ठोक माल एकाने घ्यावा आणि बाकी दोघांना पैसे द्यावेत. पट्टीवाल्या तिकिटांची यादी किमतीसह करून पाळीपाळीने एकेक उचलावं, ज्याच्या बाजूला कमी भरेल त्याला फरक रोख.

शाहूपुरी_दुसरी_गल्ली

पेनी रेड उजव्या पट्टीत बघितली. १७७.

रंकाळा_कट्टा

नाद खुळा. लाख गेले की हो ताई.

चिमटेवाला

गांधींचा गेजवरचा आकडा आणि मागच्या बाजूचा फोटो टाका. फोटो काढताना फ्लॅश बंद, उजेड एका बाजूने तिरपा; समोरून काढला तर डिंक आणि पातळ जागा दोन्ही दिसत नाहीत.