माणूस काढता येत नाही म्हणे!

राजेंद्रनगरी: काल इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखानदार काकांनी लिहिलं, 'या देशात माणूस ठेवणं सोपं, काढणं अशक्य. म्हणून कुणी कायम करत नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेनं कामगार-कपातीला सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा 300 कामगारांवर नेली, सुटलो बुवा.' वाचून डोकं फिरलं, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

काका, तुमच्याकडे माणसं चाळीसेक. कपातीला सरकारची परवानगी तुम्हाला लागत होतीच कधी? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती भानगड 1976 साली आली, तेव्हाही मर्यादा 300 च होती. 1982 च्या दुरुस्तीनं ती 100 वर आली. तुम्ही तिच्या जवळपासही नव्हता. तुम्हाला लागू होतं ते एवढंच: महिन्याची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार, आणि शेवटी लागलेला आधी बाहेर. यात अशक्य काय? राजस्थाननं 2014 सालीच 300 केली, मागोमाग आपल्या मध्य प्रदेशानंही. तेव्हापासून किती जणांना कायम केलंत, तो आकडा द्या.

सांवेर रोडवाला: पोथी वाचून कारखाना चालत नाही, साहेब. कपात वेगळी आणि चोराला काढणं वेगळं. माझ्याकडचा एक जण डब्याच्या पिशवीत पोळ्यांखाली तांब्याची तार घेऊन गेटवर सापडला. चौकीदारानं पिशवी उलटी केली, सगळ्यांनी पाहिलं, त्यानं कबुलीवर सहीही केली. दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं. तो गेला लेबर कोर्टात. तिथे विचारतात, आरोपपत्र कुठंय? चौकशी अधिकारी कोण? वर्षं गेली तारखांत. शेवटी पैसे देऊन मिटवलं, आणि वकिलाची फी त्याहून जास्त झाली. आता पुढचा माणूस मी माझ्या मस्टरवर घेऊ की ठेकेदाराच्या?

पीथमपूर बी शिफ्ट: म्हणजे चौकशी न करता काढला, हे तुम्हीच लिहिलंत. भिया, चोरी होती तर आठवडाभर चौकशी करायला काय झालं होतं?

मी ठेकेदाराच्याच मस्टरवर आहे. मशीन तेच, लाइन तीच, सुपरवायझर तोच. ठेकेदार बदलतो, गेटपासचा रंग बदलतो. 240 दिवस (तेवढे भरले की वर्षाची सलग नोकरी धरतात) भरायला आले की 'ब्रेक'. मागच्या पावसाळ्यात रात्री फोन आला, 'कलसे मत आना'. नोटीस नाही, हिशेब नाही. दिवाळीच्या तोंडावर परत बोलावलं, नवीन माणूस म्हणून! मला काढताना कुठला कायदा आडवा आला, ते काकांनी सांगावं.

टिळकनगर, निवृत्त: हे रडगाणं बंद करा. या शहराच्या मिली कुणी बुडवल्या? युनियनबाजीनं. गेटवर रोज झेंडे, आत काम शून्य. ज्यांनी पाहिलंय त्यांना विचारा.

मिलवाल्याची लेक: मीच पाहिलंय, काका. बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. (मिलचं नाव घेत नाही, हवंय कशाला.) शेवटच्या वर्षांत माग मोडला की सुटा भाग दुसऱ्या मागाचा काढून लावायचे. नवं यंत्र सोडा, पट्टासुद्धा येत नव्हता. तो पट्टा काय युनियननं खाल्ला?

टिळकनगर, निवृत्त: तोट्यात चाललेल्या मिलमध्ये कोण पैसा ओतणार? काढता आली असती निम्मी माणसं, तर निम्मी तरी वाचली असती.

राजेंद्रनगरी: आणि मालवा मिल? ती तर 1974 साली राष्ट्रीयीकरणात गेली. मालक सरकार, परवानगी देणारंही सरकार. तरी वाचली का?

हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली. कारखाना बंद करायला परवानगी हवी, हा नियम तेव्हा होताच. कामगारांच्या देण्याचा 224 कोटींचा चेक निघाला 25 डिसेंबर 2023 ला. तीस वर्षांहून जास्त! कितीतरी जण तोवर गेले.

सांवेर रोडवाला: घ्या! म्हणजे नियम असून कुणाचं भलं झालं नाही. मग ठेवता कशाला?

मिलवाल्याची लेक: चोऱ्या होतात म्हणून चौकीदार काढून टाकता का तुमच्या गेटवरचा? मिल बंद झाल्यावर आईनं शिवणाची मशीन घेतली हप्त्यानं. बाबा सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून कपडे घालून बसायचे. तुम्हाला कसली मजा वाटते 'सुटलो' लिहिताना?

टिळकनगर, निवृत्त: भावनेवर अर्थव्यवस्था चालत नाही, ताई. माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे. तिथे युनियन नाही, कोर्ट नाही. पटलं नाही तर दुसरीकडे.

पीथमपूर बी शिफ्ट: तुमच्या पेन्शनला कुणी ब्रेक दिला नाही म्हणून सुचतंय हे. मुलाला विचारा, तिकडे राजीनामे कसे घेतात.

टिळकनगर, निवृत्त: माझ्या मुलानं मागच्या वर्षी स्वखुशीनं राजीनामा दिला होता. घरापर्यंत जायचं कारण नाही.

राजेंद्रनगरी: स्वखुशीनं म्हणजे एचआरनं खोलीत बसवून, लॅपटॉप जमा करून घेऊन? घरापर्यंत तुम्हीच आणलंत, आम्ही नाही.

टिळकनगर, निवृत्त: ...तीन महिन्यांचा पगार दिला त्यांनी. तुमच्या ठेकेदारापेक्षा बरे, इतकंच म्हणतो.

पीथमपूर बी शिफ्ट: ते मात्र खरं. मला चहासुद्धा पाजला नव्हता.

सांवेर रोडवाला: बरं, विद्वानांनो, आठवडाभराच्या चौकशीचा सल्ला लक्षात ठेवला. फुकट मिळाला, वकिलापेक्षा स्वस्त. आता एक सांगा. नव्या संहितेत ठरावीक मुदतीवर माणूस घेता येतो. वर्षभरासाठी दोघांना घेतलं आणि मुदत संपली की ते आपोआप गेले, कपातीची भानगड नाही, बरोबर ना?

राजेंद्रनगरी: बरोबर. पण 21 नोव्हेंबर 2025 ला संहिता लागू झाल्यापासून मुदतीवरच्या माणसालाही पगार-सवलती कायमवाल्याइतक्याच. आणि वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. पाच वर्षं थांबायची गरज नाही.

सांवेर रोडवाला: एका वर्षात ग्रॅच्युइटी? मग ठेकेदारच बरा.