शाकाहारी ताटात ६० ग्रॅम प्रथिने, तेही १६०० कॅलरीत. कसं बसवावं?

कढीपत्ता:
आईसाठी सल्ला हवा आहे. वय ६४, वजन ६० किलो, अंडंही चालत नाही. साखर सीमेवर (औषध नाही), किडनीचे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टरांनी प्रथिने वाढवा, एकूण खाणं वाढवू नका असं सांगितलंय. सध्याचं खाणं: सकाळी पोहे (६० ग्रॅम कोरडे) आणि चहा. दुपारी २ पोळ्या, भाजी, वरण-भात, ताक. चारला चहा आणि २ बिस्किटं. रात्री एक ज्वारीची भाकरी आणि भाजी. पावडर शक्यतो नको.

मोजपट्टी:
आधी आत्ता किती जातंय ते बघू. पोहे ४ ग्रॅम, दोन चहांचं दूध ६, पोळ्या (६० ग्रॅम कणीक) ६, भात (४० ग्रॅम तांदूळ) ३, ताक २, बिस्किटं १, भाकरी (७० ग्रॅम पीठ) ७, दोन्ही वेळची भाजी ४. राहिलं वरण. चार माणसांत ८० ग्रॅम तूरडाळ शिजत असेल तर माणशी २० ग्रॅम, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम प्रथिने. एकूण ३७-३८.

आयसीएमआर-एनआयएनच्या (देशाची वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची पोषण संस्था) २०२० च्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५० ग्रॅम. साठीनंतर किलोमागे १ ते १.२ धरतात, कारण तेवढ्याच प्रथिनांवर म्हातारे स्नायू तरुणांइतके बांधले जात नाहीत. तेव्हा तुमचा ६० चा आकडा बरोबर आहे.

आता बदल:

सकाळी पोह्यांऐवजी सालीच्या मूगडाळीची धिरडी. ५० ग्रॅम डाळ (कोरडी मोजलेली) रात्री भिजवून, आलं-मिरची घालून वाटायची. १२ ग्रॅम मिळतात.
दुपारी वरणात माणशी ४० ग्रॅम डाळ. पातळ वरण जाऊन घट्ट आमटी झाली पाहिजे. ९ ग्रॅम.
ताकाऐवजी १५० ग्रॅम दही, साडेचार ग्रॅम. भात बंद.
चारला बिस्किटांऐवजी २५ ग्रॅम फुटाणे, ५ ग्रॅम.
रात्री भाकरीसोबत ४० ग्रॅम बेसनाचं पिठलं, साडेआठ ग्रॅम.

बेरीज ६२ च्या आसपास येते. सकाळी १५, दुपारी २१, रात्री १७ अशी विभागणीही चांगली पडते. वृद्ध माणसाला सगळी प्रथिने एकाच जेवणात देण्यापेक्षा अशी वाटून दिलेली बरी. दिवसाचं तेल २५ ग्रॅमवर ठेवलंत तर कॅलरी १६०० च्या आत राहतात.

दाणेकूट:
एवढी उठाठेव कशाला? प्रत्येक भाजीत मूठभर दाण्याचा कूट घाला. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिने आहेत, तुरीपेक्षा जास्त.

मोजपट्टी:
@दाणेकूट, ग्रॅमचा आकडा खरा आहे, पण सोबत कॅलरी किती येतात तेही बघा. ३० ग्रॅम दाण्यात साडेसात ग्रॅम प्रथिने आणि १४ ग्रॅम स्निग्ध. स्निग्धाला ग्रॅममागे ९ कॅलरी, प्रथिने आणि कर्बोदकांना ४. म्हणजे त्या ३० ग्रॅमच्या १७० कॅलरींपैकी १२५ नुसत्या तेलाच्या. दाणे उत्तम आहेत, पण हिशोबात ते तेलाच्या खात्यात धरा, प्रथिनांच्या नाही. कूट घातलात तर फोडणीतलं तेल तेवढं कमी करा.

खरं तर डाळीबद्दलही भ्रम असतो. तूरडाळीच्या कॅलरींपैकी जेमतेम पाव प्रथिनांच्या, बाकी बहुतेक पिष्टाच्या. म्हणूनच डाळ वाढवली की भात काढावा लागतो. दोन्ही ठेवलं तर महिन्याभरात वजनकाटा सांगतो.

तिखटमीठ:
डाळी-कडधान्यं वाढवताना दोन ठिकाणी हमखास घोटाळा होतो.

एक, मोड आलेली कडधान्यं. तक्त्यात मटकीला १०० ग्रॅमला २३ ग्रॅम लिहिलेलं असतं ते कोरड्या मटकीचं. मोड आल्यावर पाणी शोषून वजन दुपटीच्या वर जातं, त्यामुळे १०० ग्रॅम मोडाच्या मटकीत निम्म्याहून कमी उरतात. नेहमी कोरडं वजन मोजा. वाटीने मोजू नका, प्रत्येकाची वाटी वेगळी.

दोन, पोट. डाळी-कडधान्यं एका दिवसात दुप्पट केली की गुबारा धरतो आणि माणूस आठवड्यात सगळं सोडतो. आधी फक्त धिरडी, आठवड्याने आमटी, मग पिठलं. अख्खी कडधान्यं ८-१० तास भिजवून ते पाणी फेकून द्या, नव्या पाण्यात मऊ शिजवा. बेसन नीट शिजलं पाहिजे. झाकण ठेवून मंद आचेवर ७-८ मिनिटं. कच्चट पिठलं रात्री त्रास देणारच.

ज्वारी_बाजरी:
भाकरी अजिबात काढू नका. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यातलं लायसिन धान्यात कमी, डाळीत ते भरपूर. दुसरं अमिनो आम्ल मिथिओनिन डाळीत कमी, ते धान्य भरून काढतं. दोन्ही एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात आलं तरी चालतं.

साखर सीमेवर आहे तर आधी भाजी-आमटी-दही आणि मग भाकरी असा क्रम ठेवा. जेवणानंतरची साखर कमी चढते.

कढीपत्ता:
दोन शंका. सोयाबीनच्या वड्या चालतील का? आणि एकादशीला साबुदाणा होतो, त्या दिवशी काय?

तिखटमीठ:
वड्या जरूर, आठवड्यातून दोनदा आमटीच्या किंवा पिठल्याच्या जागी. कोरड्या १०० ग्रॅमला ५२ ग्रॅम, म्हणजे २० ग्रॅम वड्यांत १० ग्रॅम. ५-७ मिनिटं उकळून घट्ट पिळा, पुन्हा गार पाण्यात घालून पिळा, उग्र वास जातो. मग परतून रश्शात.

साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. प्रथिने शून्यातच जमा. त्या दिवशी राजगिऱ्याच्या पिठाच्या पोळ्या (१०० ग्रॅम पिठाला १३-१४ ग्रॅम), दह्याची वाटी, ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम). खिचडी हवीच असेल तर अर्धी वाटी, आणि तीही जेवण म्हणून नाही.

मोजपट्टी:
तेलाचं राहिलं. २५ ग्रॅम म्हणजे चहाचे साडेपाच सपाट चमचे, बुधल्यातली पळी नव्हे. त्या पळीत एका वेळी तीन चमचे सहज येतात. चमचे मोजायचा कंटाळा असेल तर महिन्याचा हिशोब करा: २५ ग्रॅमने ३० दिवसांचे ७५० ग्रॅम, म्हणजे माणशी ८०० मिलीच्या थोडं वर. चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर पिठल्याची फोडणी आधी तपासा. बेसन तेल पितं, आणि बहुतेक घरांत पिठल्यात भाजीच्या दुप्पट तेल पडतं.