खाडीच्या पाण्याचा सीओडी (घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) अवाच्या सवा येतोय

प्रश्न: ठाणे खाडीचा नमुना, ओपन रिफ्लक्स पद्धत (नमुना आम्ल-डायक्रोमेटसह उकळून वाफ थंड करून परत फ्लास्कमध्ये). नमुना २० मिली, क्लोराइड बांधायला मर्क्युरिक सल्फेट (पुढे नुसतं 'सल्फेट') ०.४ ग्रॅम. सीओडी ६४० मिग्रॅ/लिटर, बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन; २७ अंश, ३ दिवस) जेमतेम ९. क्लोराइड ५,२०० मिग्रॅ/लिटर. काय चुकतंय?

उत्तर १: क्लोराइडच मोजताय तुम्ही. ०.४ ग्रॅम सल्फेट ४० मिग्रॅ क्लोराइड बांधतं; तुमच्या २० मिलीत १०४ आहे. उरलेल्या ६४ ला डायक्रोमेट (घाण जाळणारं रसायन) खातं. १ मिग्रॅ क्लोराइड म्हणजे ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजन, म्हणजे लिटरमागे ७२० पर्यंत खोटा सीओडी. नमुना चौपट पातळ करा आणि डायक्रोमेट व एफएएस (उरलेलं डायक्रोमेट टायट्रेशनने मोजायचं फेरस अमोनियम सल्फेट) दोन्ही ०.०२५ नॉर्मल (तीव्रता) घ्या, ०.२५ नॉर्मलवर इतक्या कमी सीओडीचं टायट्रेशन थेंबा-दोन थेंबांत हुकतं. पातळ न करता सल्फेट १.०५ ग्रॅमवर नेता येतं, पण पाऱ्याचा कचरा अडीचपटीहून जास्त. तो कॅनमध्येच साठवा, सिंकमध्ये नको.

उत्तर २: क्रमही बघा. आधी सल्फेट, मग नमुना, थोडं आम्ल हळूहळू घालून सल्फेट विरघळवा, डायक्रोमेट त्यानंतरच. फ्लास्क बर्फाच्या पाण्यात धरा. रिफ्लक्समध्ये द्रव हिरवा पडला तर डायक्रोमेट संपलं, ते रीडिंग फेकून द्या.

उत्तर ३: बीओडी त्याच बाटलीतून तर नाही ना लावला? सीओडीची बाटली सल्फ्युरिकने पीएच २ खाली नेलेली असते, त्यात जिवाणू जगत नाहीत. बीओडीला वेगळी बाटली, आम्लाशिवाय, बर्फात.

प्रश्नकर्ता: बाटल्या वेगळ्याच होत्या. डायक्रोमेट मात्र आधी घालत होतो. उद्या पातळ करून लावतो, ब्लँकसह (नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच चाचणी).