मदत हवी आहे: नीट (मेडिकल प्रवेश परीक्षा) पुन्हा देतेय, फिजिक्सचं काय करू?

बारावीसोबत नीट दिली, 720 पैकी 436. आता ड्रॉप घेतलाय. क्लास पुन्हा लावणार नाही. तीच लेक्चर्स परत ऐकताना सगळं येतंय असं वाटतं आणि मॉकला (सराव परीक्षेला) बसलं की दांडी उडते.

बायोलॉजी 280, केमिस्ट्री 99, फिजिक्स 57. दुखणं कुठे आहे ते कळलं असेलच. आन्सर की घेऊन फिजिक्सचे 45 प्रश्न एकेक करून तपासले. 38 सोडवले होते, 19 बरोबर, 19 चूक. चुकलेल्यांत मुळात संकल्पनाच कळली नव्हती असे फक्त 5. आठांत एकक बदलायचं राहिलं किंवा आकडेमोड फसली. उरलेले 6 अंदाजपंचे ठोकलेले. वर्षभर 'माझं फिजिक्स कच्चं' म्हणून रडत होते, त्यात घाईच जास्त निघाली. 2025पासून पर्यायी प्रश्नही गेले, 180 मिनिटांत 180 प्रश्न, मग घाई होणारच ना?

मॉक आत्तापासून आठवड्याला एक द्यायची की सिलॅबस पुन्हा होईपर्यंत थांबू? बाबा म्हणतात, आधी वाचून घे. एनसीईआरटीचं बायोलॉजी पाचव्यांदा वाचण्यात अर्थ आहे का? आणि पेपरात क्रम काय ठेवता? मी फिजिक्सने सुरुवात केली, अर्ध्या तासातच धीर सुटला.

टॉपरचं टाइमटेबल कृपया नको. चार करून पाहिली, एकही आठवड्यापलीकडे टिकलं नाही.

प्रतिसाद १:
मीही रिपीटर होतो. मॉक सुरू कर, पण जेवढा वेळ मॉकला तेवढाच तपासायला. ठोकलेल्या सहांनी 6 गुण नेले, ते किरकोळ. एकक-आकडेमोडीचे 8 मात्र 40 गुणांचे आहेत: 32 मिळाले नाहीत, वर 8 कापले गेले. आधी ते पकड.
बायोलॉजी वाचू नकोस, आठव. पुस्तक मिटून आकृती काढ, नावं लिही, मग उघडून बघ. पेपरात मी बायोलॉजी आधी, 45-50 मिनिटांत. फिजिक्स शेवटी, तासभर राखून. ओएमआर (उत्तरांचे गोल भरायचा कागद) विषय संपला की लगेच भर. मी एकदा मॉकमध्ये शेवटी भरत बसलो आणि एक ओळ घसरली, पुढची सगळी उत्तरं चुकीच्या गोलात!

धागाकर्ती:
40 गुणांचं हे गणित मांडलंच नव्हतं मी. पण फिजिक्स शेवटी ठेवलं तर तोवर डोकं शिणत नाही का?