माजी सैनिक भावासाठी गोव्यात थेरपिस्ट हवा आहे, नाव कुठेही बाहेर न जाता

म्हादईकाठ:
नमस्कार, सत्तरीतून लिहितेय. माझा थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शन आला. नोकरीतली बरीच वर्षं काश्मीर खोऱ्यात गेली, त्यातली काही राष्ट्रीय रायफल्समध्ये. तिथे एका चकमकीत त्याच्या शेजारचा जवान गेला. आम्हाला एवढंच माहीत आहे, तेही त्याच्या दोस्ताने सांगितलं म्हणून.

घरी आल्यापासून झोप नाही. रात्री उठून कड्या तपासतो, बॅटरी घेऊन मागच्या कुळागरापर्यंत फेरी मारून येतो. जेवायला बसताना पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. चवथीला आरती चालू असताना शेजाऱ्यांनी फटाक्यांची माळ लावली, तर दादा धाकट्या भावाच्या मुलाला अंगाखाली घेऊन जमिनीवर आडवा. पोर घाबरून रडायला लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. कॅन्टीनमधून मिळणारा दारूचा कोटा महिना अर्धा व्हायच्या आत संपतो.

वहिनीने डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाला, "गावात फौजी म्हणून इज्जत आहे, ती बांबोळीला जाऊन घालवू?" (गोव्यातलं सरकारी मनोरुग्णालय तिथे आहे.) तो सध्या बँकेत बंदूकधारी गार्ड आहे. कागदावर काही आलं तर परवाना आणि नोकरी जाईल, पेन्शनला धक्का लागेल, ही भीती त्याच्या डोक्यात पक्की आहे.

लढाईत होरपळलेल्या माणसाशी बोलायची सवय असलेला, मराठी किंवा हिंदीत बोलणारा कुणी सुचवा. सगळं इंग्रजीत असेल तर दादा दुसऱ्यांदा जाणार नाही. फोंडा, डिचोली, म्हापसा, पणजी, कुठेही चालेल.

रानवारा:
आज रात्रीच काही लागलं तर १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्षही सुरू झाला. दादा तयार नसेल तर तुम्ही किंवा वहिनींनी केला तरी ते ऐकून घेतात.

पेडण्याचा_फौजी:
ताई, मी स्वतः या वाटेने गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८८ साली शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होतो. तिथे वाटेवर सुरुंग पेरलेले असायचे, पाय टाकायचा तो डोळ्यांत तेल घालून. आमच्या सेक्शनमधल्या एकाचा पाय चुकीच्या जागी पडला. पुढचं इथे लिहीत नाही. पेन्शन येऊन घरी बसलो आणि कळलं की पावसाळ्यात मला माझ्याच काजूच्या बागेत जाता येत नाही. ओल्या पाचोळ्यावर पाय ठेवायचा म्हटलं की घाम फुटायचा. बायकोला सांगायचो गुडघा दुखतो.

म्हापशात एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई भेटल्या. त्यांचं नाव इथे टाकणं बरोबर नाही, तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून कळवतो. त्यांनी जी पद्धत वापरली तिला प्रोलाँग्ड एक्सपोजर म्हणतात. साधारण आठ ते पंधरा बैठका, आठवड्याला एक, दरेक दीड तासापर्यंतची. डोळे मिटून तो दिवस सांगायचा, आणि "मी चाललो होतो" असं नाही, "मी चाललोय, समोर बांध आहे" असं, आत्ता घडतंय तसं. त्याचं रेकॉर्डिंग रोज घरी ऐकायचं. मी गोठ्यात बसून ऐकायचो. जोडीला, ज्या गोष्टी आपण टाळत आलो त्या थोड्या थोड्या करायच्या. माझ्या यादीत सगळ्यांत शेवटी होतं पावसात बागेच्या टोकापर्यंत एकट्याने चालत जाणं. आधी उन्हाळ्यात कोरड्या पाचोळ्यावर, मग बायको सोबत असताना, मग एकटा. ते जमलं.

दादाला एक आधीच सांगून ठेवा. सुरुवातीला त्रास वाढतो. माझी स्वप्नं पहिल्या काही आठवड्यांत जास्त झाली आणि बरेच जण नेमके तिथेच सोडून देतात. त्या बाईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून मी टिकलो.

आणि थेरपिस्ट फौजीच हवा असा हट्ट धरू नका. त्या बाईंना सेक्शन काय, प्लॅटून काय, काही माहीत नव्हतं. त्या विचारायच्या, मी सांगायचो. काम जाणणारा आणि ऐकताना न डगमगणारा माणूस मिळाला की पुरे. गावात मी "म्हापशाला काम आहे" एवढंच सांगत होतो. इतकं लपवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

चाफा:
मी याच क्षेत्रात काम करते, दक्षिण गोव्यात.

आधी दादाच्या भीतीबद्दल, कारण तिच्यावरच सगळं अडलंय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २३ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हा रुग्णाचा हक्क आहे. माहिती बाहेर जाऊ शकते ती ठरावीक कारणांनीच, जसं की त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा आदेश असेल, किंवा उपचारासाठी दुसऱ्या डॉक्टरला कळवणं गरजेचं असेल. पहिल्या भेटीत हे अपवाद थेरपिस्टकडून तोंडी समजून घ्यावेत. चांगला थेरपिस्ट न विचारताही सांगतो.

त्याच कायद्याचं कलम ३ म्हणतं की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस आपोआप "अस्वस्थ मनाचा" ठरत नाही, ते ठरवायचा अधिकार न्यायालयाचा. थेरपी घेतली म्हणून नोकरीची पेन्शन बंद होत नाही. सेवेत असताना मेडिकल कॅटेगरी खाली जाण्याची भीती असते, ती "शेप" या सैन्याच्या वैद्यकीय वर्गवारीतल्या पहिल्या "एस"मुळे, तो मानसिक स्थितीचा. दादा त्या चौकटीतून बाहेर आलाय. बंदुकीचं मात्र स्पष्ट बोलते: झोप नाही, दारू आहे आणि हातात शस्त्र आहे, हे तिन्ही एकत्र राहू नये. उपचार चालू असेपर्यंत बिनशस्त्र ड्यूटी मागून घेता आली तर बघा. कारण म्हणून "रात्रपाळी झेपत नाही" एवढं पुरतं.

आता ठिकाणं. बांबोळीची आयपीएचबी ही गोव्यातली सरकारी मनोविकार संस्था, तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट दोघेही असतात. गोमेकॉ म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटलही बांबोळीतच, त्यामुळे "बांबोळीला जातोय" म्हटल्यावर कुणी भुवया उंचावत नाही, अख्खा गोवा आणि अर्धा सिंधुदुर्ग तिथे जात असतो. पर्वरीला संगात ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था १९९६ पासून आहे आणि म्हापशाला कूज ही तशीच संस्था आहे. दोन्हीकडे आधी फोन करून "युद्धातल्या आघातावर काम करणारं कोण आहे" असं नेमकं विचारा.

माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, ईसीएचएसचं, कार्ड असेलच. त्यातून मनोविकारतज्ज्ञही मिळतो, पण पॉलिक्लिनिकमधून रेफरल लागतो आणि ओळखीची माणसं भेटतात. दादाला तेच नको असेल तर सुरुवात खासगीत करा. व्हिडिओवरही ही थेरपी होते, म्हणजे पुण्याचा मराठी थेरपिस्टही चालेल.

कुणालाही निवडताना विचारा: आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का? आघातावरच्या कोणत्या पद्धतीचं प्रशिक्षण आहे? उत्तरात प्रोलाँग्ड एक्सपोजर, सीपीटी किंवा ईएमडीआर यांपैकी काही यायला हवं. "आपण गप्पा मारू, मन मोकळं होईल" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. औषध लागलं तर ते मनोविकारतज्ज्ञ देईल, बहुधा सर्ट्रालिनसारखं. दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नका, दारूवर त्या जिवावर बेतू शकतात.

फौजीची_बायको:
वहिनींसाठी लिहितेय, कारण धाग्यात त्यांचं कुणीच विचारलं नाही.

ते झोपेत ओरडत असतील तर हात लावून उठवू नका. पायथ्याशी, लांब उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, "तुम्ही घरी आहात, सत्तरीत आहात" असं सांगा. आमच्याकडे मी एकदा खांद्याला हात लावला आणि माझं मनगट मुरगळलं, शुद्धीवर आल्यावर ते लहान मुलासारखे रडले.

दिवाळीत नरकासुराच्या रात्री आम्ही गावात राहतच नाही. आवाज, फटाके, पहाटेपर्यंत चालणारं संगीत, नको ते. आधीच ठरवून चोर्ल्यावरून बेळगावला नणंदेकडे जातो. दारू सोडण्यासाठी एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या) बैठका गोव्यात ठिकठिकाणी होतात, तिथे नाव-गाव सांगावं लागत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं असतं. वहिनींनी तिथे जावं, दादा काहीही करो. मला तिथे पहिल्यांदा मोठ्याने बोलता आलं.

म्हादईकाठ:
तुम्हा सगळ्यांचे आभार. काजूच्या बागेचं मी वहिनीला वाचून दाखवलं. मग आम्ही दोघींनी ठरवून दादाला फक्त झोपेबद्दल विचारलं, बाकी विषय काढला नाही. "झोपेसाठी दाखवायला हरकत नाही" एवढं म्हणाला. आता पहिल्या फोनवर काय बोलायचं? आजाराचं नाव सांगायचं का?

चाफा:
आजाराचं नाव तुम्ही ठरवू नका, ते त्यांच्यावर सोडा. फोनवर इतकंच सांगा: माजी सैनिक आहेत, पूर्वी चकमकीत होते, झोप लागत नाही, दचकतात, दारू वाढली आहे, घरात किंवा कामावर शस्त्र आहे. मराठीत बोलणारं हवं. वेळ शक्यतो दिवसाची पहिली घ्या, बाहेर थांबावं लागत नाही. दादाला दाराकडे तोंड करून बसता येईल अशी खुर्ची ठेवा म्हणून आधीच सांगितलंत तरी चालेल, आमच्याकडे असं सांगणारे येतात.

पेडण्याचा_फौजी:
ताई, निरोप पाठवलाय, बघा. दादाला हवं असेल तर माझा नंबर द्या. पहिल्या दिवशी मी म्हापशाच्या स्टँडवर येतो, आत तो एकटाच जाईल, मी बाहेर चहा घेत बसेन.