नवीन लॉनमध्ये शिप्पी नावाचं तणगवत माजलंय, लॉन वाचवून फक्त तण कसं मारायचं? (मदत हवी आहे)

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचून सांगा, कारण अर्धवट माहितीवर एक चूक आधीच करून बसलेय.

आम्ही कराडजवळ राहतो, घरासमोर साधारण एक गुंठा जागा आहे. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाल्यावर लॉन लावलं, सिलेक्शन वन, म्हणजे आपल्या हरळीचाच बारीक पानाचा प्रकार. तयार लॉनच्या गाद्या परवडत नव्हत्या म्हणून रोपवाटिकेतून पोत्यात भरून मुळ्या आणल्या, तुकडे केले आणि चार-चार इंचावर टोचले. मी, सासूबाई आणि कामाला येणाऱ्या मावशी, तीन दिवस वाकून वाकून. खाली शेजारच्या उसाच्या रानातली काळी माती टाकली होती आणि वर एक ट्रॉली शेणखत, आणि ते शेणखत पुरतं कुजलेलं नव्हतं, मुठीत घेतलं की काड्या दिसायच्या. तेव्हा लक्ष दिलं नाही.

आता सात आठवडे झालेत. लॉनचे धावते फुटवे वीतभर पसरलेत पण मधल्या मोकळ्या जागेत शिप्पी गुडघ्याला लागतेय, दुसरं एक जमिनीला चिकटून चक्रासारखं पसरणारं गवत आहे ज्याला मावशी वाघनखी म्हणतात, आणि लव्हाळा तर उपटला की चार दिवसात परत हजर. हाताने दोनदा काढलं. पावसाने उघडीप दिली नाही की आठवड्यात पुन्हा तेच.

चूक अशी केली की कृषी सेवा केंद्रात जाऊन गवत मारायचं औषध मागितलं. त्यांनी पीक कुठलं विचारलं, मी लॉन म्हटलं, तर सोयाबीनमध्ये मारतात ते क्विझालोफॉप दिलं, पिकाला काही होत नाही म्हणाले. नशीब मी एका कोपऱ्यात दहा बाय दहा फुटातच मारून बघितलं. आठ-दहा दिवसांनी शिप्पी पिवळी पडली, खूप आनंद झाला, आणि मग बघते तर लॉनपण पिवळं. मधलं कोवळं पान चिमटीत धरून ओढलं तर अलगद हातात आलं, बुडाशी तपकिरी, कुजल्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की सोयाबीन रुंद पानाचं आहे म्हणून वाचतं, माझं लॉन तर स्वतःच गवत आहे.

तर आता काय करू? लॉनला न लागता शिप्पी मरेल असं काही आहे का, पेंडिमेथालिन हे तणनाशक मारू का (एकाने सांगितलं), का सगळं काढून उन्हाळ्यात नव्याने लावू? आणि तो जळलेला कोपरा खणून टाकावा लागेल का? सासूबाईंनी यंदा गणपतीच्या दूर्वा घरच्याच काढायच्या ठरवलंय, त्यामुळे जीव अजूनच तुटतोय.

प्रतिसाद १:
ताई, काढून टाकू नका. फुटवे वीतभर पसरलेत म्हणजे लॉनने जमीन धरलीय, पुढचे सहा आठवडे महत्त्वाचे आहेत. मी आमच्या गावच्या क्रिकेट मैदानाचं बघतो, तिथेही हीच हरळी आहे आणि पहिल्या पावसाळ्यात आम्हीही हेच भोगलंय.

पेंडिमेथालिन आत्ता अजिबात नको. एक तर ते उगवून आलेल्या गवताला मारत नाही, उगवणाऱ्या बियांना अडवतं. आणि ते मुळाच्या टोकाची वाढच थांबवतं, म्हणजे तुमच्या फुटव्याची जी पेरं आत्ता मातीत मूळ सोडायला बघतायत नेमकी तीच लटकतील. पुढच्या वर्षी पावसाच्या तोंडावर, लॉन पूर्ण मिटल्यावर, म्हणजे मधली मोकळी जागा भरून गेल्यावर मारा, तेव्हा त्याचा खरा उपयोग.

आत्ता उपाय कापणी. शिप्पी आणि ती वाघनखी ही खरिपातली गवतं, बी टाकून दिवाळीनंतर वाळून जातात. त्यांना तुरा येऊ द्यायचा नाही एवढंच बघा. आधी उंच शिप्पी हाताने मुळासकट काढा, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी माती मऊ असते तेव्हा सहज येते. मग मशीन दोन इंचावर ठेवून दर आठवड्याला फिरवा, चिखलात मात्र फिरवू नका. हरळी कापली की आडवी पळते, उंच वाढणारं गवत कापलं की मागे पडतं. जमिनीला चिकटलेलं मशीनखाली येत नाही, ते खुरप्यानेच काढावं लागेल.

ओळखताना तुऱ्यावर जाऊ नका. हरळीलाही बोटांसारखे चार-पाच फाटे असलेला तुरा येतो, आमच्या पोरांनी त्यापायी चांगलं लॉन उपटलं होतं. पानाची रुंदी बघा, आणि पान खोडापासून मागे वाकवून सांध्यात बघा, हरळीला तिथे पांढऱ्या केसांची बारीक झालर असते.

खत द्या, उपाशी लॉन मिटत नाही. गुंठ्याला महिन्याला एक किलो युरिया, अर्धा-अर्धा करून पंधरा दिवसांनी, पान कोरडं असताना फेकायचा आणि वरून पाणी.

कोपरा खणू नका. हरळीच्या कांड्या जमिनीखाली असतात, एका फवारणीत सहसा मरत नाहीत. तीन-चार आठवडे थांबा, नाही फुटलं तर बाजूचेच तुकडे टोचा. पण त्या कोपऱ्यातल्या दूर्वा यंदा देवाला काढू नका, हात आणि तोंड दोन्हीला लागतं ते औषध.

प्रतिसाद २:
लव्हाळ्याचं थोडं. ते गवत नाहीच, खोड बोटात फिरवून बघा, तीन कडा लागतील. नुसतं उपटलं की खालची गाठ तिथेच राहते. उसात आणि मक्यात यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मारतात, हरळीला ते चालतं, पण लॉन पूर्ण मिटेपर्यंत थांबा आणि शिप्पीवर त्याचा भरवसा ठेवू नका. प्रमाण एकरी ३६ ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या गुंठ्याला एक ग्रॅमसुद्धा नाही. चमच्याचा अंदाज नको, सोनाराच्या काट्यावर मोजून घ्या.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार, इतकं समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. आज सकाळी खुरपं घेऊन लव्हाळ्याचा एक कोंब खोल खणून काढला. खरंच तीन कडा, आणि खाली दोऱ्यात ओवल्यासारख्या पाच काळ्या गाठी, एकीला एक लागलेल्या. दोन वेळा उपटलं तेव्हा मी वरचंच काढत होते.

सांध्यातली झालरपण दिसली, भिंग लागलं पण दिसली. मावशींनाही दाखवली, आता आम्ही दोघी एकेक पट्टा वाटून घेतलाय, रोज संध्याकाळी तासभर. मशीन भाड्याने बघतेय. जळलेल्या कोपऱ्यात आज दोन ठिकाणी सुईएवढी हिरवी टोकं दिसली, ती हरळीची का शिप्पीची हे अजून कळत नाहीये, पान उलगडलं की फोटो टाकते, तेव्हा सांगाल ना?